जुन्या जीपगाड्यांचे दीर्घायुष्य
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला जुन्या जीपगाड्यांची दुरुस्ती आणून बसवल्यावर कार्यवाहांनी आमच्याकडे काहीसे संशयाने पाहिले, यात त्यांचा दोष नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचा जीपशी संबंध जुना आहे. रेल्वे, धरणे, खाणी, वनखाते, भूमापन, सैन्य अशा ज्या नोकऱ्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना इकडे आणले, त्या नोकऱ्यांत सकाळी दाराशी येऊन उभी राहणारी गाडी बहुधा जीपच असे. आणि ती गाडी पुष्कळदा मुंबईत जुळवलेली असे. म्हणजे तीही आपल्यासारखीच तिकडून इकडे आलेली.

आम्हांस आज सांगावयाचे आहे ते एवढेच : या गाड्या ज्यांनी जगवल्या, त्यांनी त्या बदलून जगवल्या. आणि आज कायदा काय किंवा हौशी लोकांचा बाजार काय, दोघांचीही कृपादृष्टी मात्र न बदललेल्या गाडीवर आहे.

थोडा पूर्वेतिहास. १९४० साली अमेरिकन सैन्याने टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ओढ देणारी गाडी मागितली. पहिला नमुना बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने करून दिला. मोठे काम मात्र विलीज आणि फोर्ड यांच्या वाट्यास गेले आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर पडल्या. आपल्याकडे १९४५ साली लुधियान्यास स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखली जाणारी कंपनी मुंबईत विलीज जीपांची जोडणी करू लागली. पुढे आलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. ते बॉनेट उंच का, हे मोठे गमतीचे आहे. विलीजने आपल्या जुन्याच इंजिनाच्या ठोकळ्यावर हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूचे काढून वर, हेडमध्ये बसवले. इंजिनाची ताकद वाढली, तशी उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच उंच केले. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. तात्पर्य, एका गाडीत वेगळे इंजिन बसवून बाकीची गाडी त्यास जुळवून घेण्याची चाल आमच्या मिस्त्रींनी काढलेली नव्हे; ती कारखान्यातूनच आलेली आहे.

खाजगी मालकाच्या हाती ही गाडी बहुधा लिलावातून येई. सरकारी वाहनाचे वय आणि धाव भरली, दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला, की समिती बसते, गाडी निर्लेखित होते आणि आवारातल्या गवतात उभी राहते. सैन्याच्याही गाड्या अशाच निघत. जबलपूरच्या कारखान्यात निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर बनलेली जोंगा, जिच्या नावातले पहिले अक्षरच जबलपूरचे आहे, ती अशा लिलावांतूनच मुलकी रस्त्यांवर आली. तिचे जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन सैन्यास परवडले. शेतकऱ्यास किंवा ठेकेदारास ते कसे परवडावे? १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर पेट्रोलवर चालणारी कोणतीही जड गाडी पोसणे म्हणजे दारी हत्ती बांधणे झाले. येथून डिझेलचे पर्व सुरू होते.

डिझेल इंजिन बसवणे म्हणजे एक उचलून दुसरे ठेवणे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी मिस्त्रीच्या आवारात एक दिवस काढावा. प्रथम इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तोंड जुळत नाही. मध्ये लेथवर कातलेली पोलादी तबकडी घालावी लागते. तिचे केंद्र केसभर सरकले तरी गिअरबॉक्सचे बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडू लागते. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढचे पाटे बसतात. एक पान वाढवले की गाडी उचलते, पण इतकी ताठ होते की बसणाऱ्याच्या कण्याने ती तक्रार नोंदवावी. डिझेलची थरथर निराळीच. फाउंडेशनची रबरे बेताची असली तर चासीला भेग जाते. महायुद्धकाळच्या जीपांची वीज सहा व्होल्टांची. तेवढ्यावर डिझेल इंजिन फिरवून सुरू करणे कठीण, म्हणून बॅटरी, डायनामो, दिवे असा सारा संसार बारा व्होल्टांवर आणावा लागतो. पुढे चाकांचा हिशेब येतो. सीजे जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीस शाफ्टाच्या पाचांहून अधिक फेऱ्या. जलद फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनास हे चालून जाते; जुने डिझेल इंजिन मुळातच संथ फिरणारे, त्यामुळे गाडी चढावर बैलासारखी खेचते आणि सपाटीवर बैलासारखीच चालते. मालक कंटाळून डिफरन्शियलचे दाते बदलून घेतो, तेव्हा कोठे ती वाऱ्याला लागते.

आणि एवढे सर्व झाल्यावर ब्रेक मात्र जुनेच राहतात! वजन वाढले, वेग वाढला, पण थांबवावयास तेच लहान ड्रम. इंजिनावर हजारो रुपये उधळून ब्रेकच्या सिलिंडरातील रबरांसाठी घासाघीस करणारे मालक आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते गाडीच्या दुरुस्तीची परीक्षा बॉनेट उघडून घेऊच नये, उतारावर घ्यावी.

उताराचा विषय निघाला म्हणून दार्जिलिंगकडे वळू. तेथील मानेभंज्यांग हे गाव नेपाळच्या सीमेवर आहे. तेथून तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी असे टप्पे घेत सुमारे एकतीस किलोमीटरांचा रस्ता संदकफूला जातो. संदकफूची उंची ३,६३६ मीटर, पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच ठिकाण. हा रस्ता अनेक वर्षे नावापुरताच रस्ता होता. डोंगरावर ओळीने मांडलेले धोंडे म्हटले तरी चालेल. या वाटेवर प्रवासी आणि शिधासामग्री वाहण्याचे काम गेली कित्येक दशके करीत आली ती लँड रोव्हर गाडी, आणि तीही पहिल्या मालिकेची, म्हणजे १९४८ ते १९५८ या काळात इंग्लंडात बनलेली. चहामळ्यांच्या गोऱ्या व्यवस्थापकांनी आणलेल्या या गाड्या त्यांच्या मागे येथेच राहिल्या आणि डोंगरी मालकांच्या हाती आल्या.

या गाडीची कहाणी टंचाईतूनच सुरू होते. युद्धोत्तर इंग्लंडात पोलादाचे रेशनिंग होते, म्हणून तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. दार्जिलिंगच्या पावसाळ्यात ते वरदान ठरले, कारण अॅल्युमिनियम गंजून झडत नाही. गंजते ती खालची पोलादी चासी. म्हणून तेथील मिस्त्रीचे अर्धे आयुष्य चासीला पट्ट्या जोडण्यात जाते. मूळचे पेट्रोल इंजिन पुष्कळ गाड्यांतून केव्हाच गेले. त्या जागी महिंद्रांचे डिझेल इंजिन आले. इंग्लंडात जन्मलेली, बंगालच्या डोंगरात राहणारी, नेपाळी बोलणारा सारथी असलेली आणि पोटात मुंबईच्या कंपनीचे इंजिन बाळगणारी ही गाडी कोणत्या देशाची म्हणावी? आपल्या मुलांना हाच प्रश्न शाळेत विचारतात, तेव्हा तीही क्षणभर गोंधळतात.

अशा गाडीवर काम करणाऱ्यास तीन तऱ्हांचे पाने बाळगावे लागतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या लँड रोव्हरचे आटे ब्रिटिश मापाचे, विलीजचे अमेरिकन मापाचे आणि जपानी घराण्यातल्या इंजिनांचे मिलिमीटरचे. शिवाय त्या काळच्या लँड रोव्हरमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे, आजच्या रीतीच्या नेमके उलट. नव्या मुलाने सवयीने तारा जोडल्या तर धूर निघालाच म्हणून समजावे. हे ज्ञान कोठे छापलेले मिळत नाही. मूळ पुस्तिका मूळ गाडीची असते. बदललेल्या गाडीची पुस्तिका त्या मिस्त्रीच्या डोक्यात असते.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेस बाधा येईल असा बदल चालणार नाही, हे स्पष्ट केले. सरकारी नोकर म्हणून नव्हे, रस्त्यावरचा पादचारी म्हणून आम्हांस या निर्णयाचे समाधान वाटले. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवालीसारख्या गावी जीपा नव्याने बांधण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. त्यांत कौशल्य निर्विवाद आहे; परंतु चाके मडगार्डाबाहेर हातभर काढून आणि बंपरऐवजी लोखंडी शिंगे लावून जी गाडी गर्दीत फिरते, तिला आम्ही दुरुस्ती म्हणणार नाही. तो नट्टापट्टा होय, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी लागते.

अडचण अशी की कायद्याच्या तराजूत ही शिंगे आणि मानेभंज्यांगच्या मालकाने पोटासाठी बदललेले इंजिन एकाच पारड्यात पडण्याचा संभव असतो. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना त्यामुळे वेगळ्या नोंदणीची सोय झाली; पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, आणि तिचा नित्याचा किंवा व्यापारी वापर होता कामा नये. म्हणजे जी गाडी गराजात पडून राहिली ती मानाच्या पंगतीस पात्र, आणि जी साठ वर्षे डोंगर चढली ती नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, व्याख्या कोठे तरी थांबावीच लागते, हे आम्ही जाणतो. तरीही श्रमाने झिजलेल्या वस्तूस जपण्याचा काही मार्ग त्या व्याख्येबाहेर निघावा, असे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे भरलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था यांसाठीची काही खास वाहने वगळता ती अधिकृत मोडणी केंद्रातच जावयाची. धूर आणि अपघात लक्षात घेता हे योग्यच झाले. पण त्याबरोबर लिलावातून मिस्त्रीच्या आवारात येणारी जुन्या गाड्यांची वाट आटत चालली आहे. हौद एकाचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, स्टिअरिंगची पेटी तिसऱ्याची, असे करून जी एक गाडी उभी राही, तिला सुटे भाग पुरवणारे हे कोठारच बंद होत आहे. संदकफूच्या वाटेवरही अलीकडे काँक्रीट पडले आणि बोलेरो धावू लागल्या. लँड रोव्हर आता पर्यटकांच्या हौसेवर जगेल तेवढी जगेल.

म्हणून आपल्यापैकी ज्या दोघातिघांच्या अंगणात ताडपत्रीखाली अशा गाड्या उभ्या आहेत, त्यांना आमची एक कारकुनी स्वरूपाची विनंती आहे. गाडीची एक वही करावी. पहिल्या पानावर चासीचा क्रमांक, तो कोठे कोरलेला आहे हे, आणि लिलावाच्या कागदांची नक्कल. पुढे प्रत्येक बदल तारखेनिशी : कोणते इंजिन, ते कोणत्या गाडीतून आले, तबकडी कोणत्या मापाची, डिफरन्शियलचे दाते किती, पाट्यांची पाने किती, ब्रेकचे सिलिंडर कोणाचे. इंजिनबदलाची नोंद नोंदणीपुस्तकात झालेली नसेल तर ती रीतसर परवानगीने करून घेण्याच्या मागे लागावे. हेलपाटे पडतील, पण पडू द्यावेत. मिस्त्री वयस्क असेल तर त्याच्याजवळ एक संध्याकाळ बसून तो सांगेल ते उतरवून घ्यावे, त्याच्याच भाषेत. आणि जुनी विलीज असेल तर डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, हे ठळक अक्षरांत लिहावे. नाहीतर पंक्चर काढावयास आलेला नवा मुलगा नट सैल करतो आहे असे समजून तो आवळत राहतो, शेवटी पान्यावर उभा राहतो आणि बोल्ट मोडून हाती घेऊन येतो.