गळाला लागलेला मासा



सुटीला धरणावर गळ टाकून बसणारे आपल्यात अनेक आहेत. मासा लागला की प्रश्न येतो, खायचा की सोडायचा? सोडला म्हणजे करुणा झाली, इतके हे सोपे नाही.

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. त्या दिवसांत गाभोळीने भरलेली मादी हाती आली, तर ओल्या हातांनी लगेच पाण्यात सोडावी. सायप्रिनसचे तसे नाही. हा परदेशी मासा १९३९ साली भारतात आणला गेला. तो तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो व इतर माशांना जाच होतो. तो घरी न्यावा, वाया घालवू नये.

आपल्यासाठी मारल्याचे न पाहिलेले, न ऐकलेले व तशी शंका नसलेले मांस-मासे भिक्षूला चालतात, असा विनयाचा नियम आहे. स्वतः गळ टाकणाऱ्याला ही सवड मिळत नाही. म्हणून पहिल्या शीलाचा विचार गळ टाकण्यापूर्वीच करावा. मला अन्न हवे आहे की करमणूक? करमणूक हवी असेल, तर जिवाला जखम करून सोडण्यापेक्षा गळ घरीच ठेवलेला बरा.