खेळाचा तास मुलीच्या हक्काचा



शालेय व्यायामाचा विचार करायला बडोद्याइतके योग्य गाव शोधूनही सापडणार नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे हे शहर. खो-खोचे नियम 1924 मध्ये छापले ते इथल्याच जिमखान्याने, आणि द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला तोही इथेच. पण या परंपरेतली आखाड्याची माती बहुतेक मुलग्यांच्याच अंगाला लागली, हे मान्य केले पाहिजे. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ती सक्ती मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत होती आणि मुलींना दहाव्या. वर्गातला तो फरक काळाने पुसला. मैदानावरचा अजून शिल्लक आहे, कारण सातवी-आठवीत मुलगी वयात आली की तिचे धावणे थांबते आणि ते थांबल्याची नोंदही कुणी घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 146 देशांतील 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुलींना आणि 78 टक्के मुलांना दिवसाकाठी तासभराचाही व्यायाम घडत नव्हता. भारताचे आकडे त्या मानाने बरे निघाले. संशोधकांनी सांगितलेले त्याचे संभाव्य कारण मात्र आपल्याला अस्वस्थ करणारे आहे: मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात! केर काढताना, पाणी भरताना शरीर हलते, हे खरे. पण त्यात ना मनमुराद धावणे, ना सवंगडी, ना स्वतःच्या ताकदीचा अंदाज. बडोद्यातल्या गोरव्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीत आईवडील दोघेही शिफ्टला गेले की धाकटी भावंडे आणि संध्याकाळचा स्वयंपाक थोरल्या मुलीकडे येतो. म्हणून शाळा सुटल्यानंतरची शिबिरे कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी नसतात. शाळेच्या वेळापत्रकातला तास एवढाच तिच्या मालकीचा वेळ आहे. माझे सारे म्हणणे त्या तासापुरते आहे: तो रोज असावा, दहावीपर्यंत असावा आणि गणिताचा पोर्शन राहिला म्हणून तो कुणी मागून घेऊ नये.

दहावीच्या वर्षी हे कसे परवडेल, असे विचारले जाईल. दिवसभर बाकावर बसलेली मुलगी शेवटच्या दोन तासांत किती ग्रहण करते, हे वर्गात शिकवणाऱ्यांना मी सांगायला नको. अशक्तपणाची हरकत जास्त गंभीर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. गुजरातेत हे प्रमाण आणखी वर आहे. अशा मुलींना पळवायचे कसे? रक्त तपासावे, लोहाची साप्ताहिक गोळी नियमाने द्यावी, दमणाऱ्या मुलीला चालण्यापासून सुरुवात करून द्यावी. तिला झाडाखाली बसवून ठेवणे हा उपचार नव्हे. लोक काय म्हणतील, हा पालकांचा प्रश्नही टाळू नये. पळता येईल असा गणवेश, पाण्याची सोय असलेले स्वच्छ स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांत न विचारता मिळणारी सवलत आणि शिकवायला बाई, एवढे दिसले की त्यांचा विरोध पुष्कळसा मावळतो. मुलींच्या शाळेलाही एके काळी हेच आक्षेप घेतले गेले होते.

एक हरकत आपल्याच गोटातली आहे. स्पर्धा आहेत, पदके आहेत, आणखी काय हवे? जानेवारी 2025 मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण निवड चाचणीत पहिल्याच फेरीत बाहेर पडणारी मुलगी त्यानंतर कुठे जाते? खो-खोला सपाट जमीन आणि दोन खांब पुरतात, तरी शाळेच्या संघात बाराच जणी मावतात. बाकीच्या वर्गाने टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत मोडायला हवी. तेव्हा अध्यापक-पालकांच्या या परिषदेने शाळांच्या वार्षिक अहवालात पदकांच्या आधी एक रकाना मागावा: आठवी ते दहावीच्या किती मुली आठवड्यातून किती दिवस मैदानावर उतरल्या. तो रकाना पुढच्या जूनपासून भरायला लागावा.