उसवण्याचे तास

सोफादुरुस्तीचं काम नुकतंच सुरू केलेल्या माणसाला गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘कधी देणार?’ त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे नवं कापड असतं. बेतायचं, शिवायचं, ताणून पिना मारायच्या. त्या चित्रावरून तो दोन दिवस सांगतो आणि चार लागतात. मग हात संथ आहे असा निष्कर्ष निघतो. मला तो पटत नाही. हात संथ असेलही, पण खरी चूक आधी झालेली असते: त्याने चढवण्याचा वेळ धरलेला असतो, उसवण्याचा धरलेलाच नसतो.

जुनं कापड ओरबाडून काढून चालत नाही, कारण नव्या कापडाचा नमुना तेच असतं. प्रत्येक तुकडा अखंड उतरवायचा, तो कुठला आणि त्याची वरची बाजू कोणती हे त्यावर लिहायचं. कारखान्यात गनने क्षणात ठोकलेली पिन इथे एकेक करून उचकटावी लागते. अर्धी तुटून लाकडात राहिली की पकडीने पुन्हा ओढायची. एवढं झाल्यावर आतला सोफा दिसतो. फोमचा भुगा झालेला असतो, पट्टे सैल असतात, झिगझॅग स्प्रिंग एका टोकाला सुटलेली असते, क्वचित लाकडी पट्टी वाळवीने पोखरलेली असते. कापडाचाही हिशेब निराळा. चौकडा असेल तर बैठकीची रेघ पाठीच्या रेघेला जुळवावी लागते, मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, आणि रेक्झिनवर सुईचं भोक कायम राहतं, म्हणून तिथे उसवून पुन्हा शिवण्याची सोयच नाही.

हा दोष केवळ नवशिक्याचा नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की माणसं कामाचा वेळ सवयीने कमी धरतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं, सगळंच बिनसलं तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही अपुरी पडली. त्यामुळे अंदाजात भीतीपोटी थोडे तास वाढवणं हा उपाय नव्हे. काम तुकड्यांत फोडलं की अंदाज वाढतो आणि वास्तवाजवळ येतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून उसवणं, सांगाडा, पट्टे, फोम, बेतणं, शिवण, चढवणं यांचे तास वहीत वेगवेगळे लिहावेत आणि पुढचा अंदाज कल्पनेऐवजी त्या वहीतून काढावा.

यावर कोणी म्हणेल, जुना कारागीर तर नुसता हात फिरवून दिवस सांगतो. सांगतो, कारण शेकडो सोफ्यांची ती वही त्याच्या डोक्यात असते. दुसरा आक्षेप असा की हात बसला की वेळ आपोआप उतरेल. उतरतो खरा: कारखान्यात बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी सुमारे २० टक्क्यांनी घटते, हे विमान-अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये मांडलं. पण ती विमानं एकाच घाटाची होती. जेवणाच्या टेबलाच्या सहा सारख्या खुर्च्यांना हा नियम लागू पडेल. पहिल्या खुर्चीच्या वेळेला सहाने गुणलं तर अंदाज जास्तच येईल. दुरुस्तीला येणारा प्रत्येक सोफा मात्र निराळा असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: शिकाऊपणाचे तास गिऱ्हाइकाने का भरावेत? भरूच नयेत. मजुरी बाजारभावाने घ्यावी, तारीख स्वतःच्या वहीवरून द्यावी. हे दोन आकडे वेगळे आहेत. आणि गिऱ्हाइकाला एकच पक्का आकडा हवा असेल, तर आधी फक्त उसवण्याचा दर आणि दिवस ठरवावा, उघडा सांगाडा त्याला दाखवावा आणि पुढची तारीख तिथेच सांगावी. विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा हुकलेली तारीख म्हणजे पाहुण्यांनी भरलेल्या घरात सोफ्याची रिकामी जागा.