ट्रॉलीच्या चाकाला ग्रीस कोणते आणि किती?



खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुऊन-पुसून त्याची पूजा करतो. पण मागच्या ट्रॉलीच्या चाकात ग्रीस शेवटचे कधी भरले, असे विचारले तर फार थोड्यांना आठवते. म्हणून ऊस वाहतूक सुरू होण्याआधी त्याविषयी दोन गोष्टी सांगतो.

मागल्या हंगामात येरमाळ्याजवळ सोलापूर-धुळे रस्त्यावर उसाने भरलेली एक ट्रॉली कुशीवर कललेली मी पाहिली. चाक निखळून शेजारच्या रानात गेले होते. कोणाला लागले नाही, हे नशीब. हब उघडून पाहिला तर बेअरिंग जळून निळे पडलेले आणि ग्रीसच्या जागी काळी खपली. मालक म्हणाले, "साहेब, ग्रीस तर दिवाळीतच घातलं होतं की!" घातले होते, हे खरे. पण ते पाट्यांना लावायचे साधे ग्रीस होते.

पूर्वी आपण बैलगाडीला ओंगण घालीत होतो. गाडी बैलाच्या चालीने चालायची, त्यामुळे तुंबा फारसा तापत नसे. ट्रॉलीचे तसे नाही. कित्येक टन ओझे घेऊन ती वेगाने पळते. हब तापतो, आणि पावसात चिखलपाणीही आत शिरते.

ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण. साबण तेल धरून ठेवतो व लागेल तसे सोडतो. कॅल्शियम साबणाचे साधे ग्रीस पाण्यात टिकते, पण 90 ते 100 अंशांच्या आसपास वितळून वाहते. सोडियमचे ग्रीस उष्णता सोसते, पण पाण्याने धुऊन जाते. लिथियमचे ग्रीस पाण्यात टिकते आणि साधारण 180 अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून चाकासाठी तेच घ्यावे. डब्यावर 'लिथियम', 'ई.पी.' आणि 'एन.एल.जी.आय. 2' हे शब्द पाहा. 'ई.पी.' म्हणजे जादा दाब सोसणारे, आणि 2 हा घट्टपणाचा क्रमांक. लाल, निळा, पिवळा हा रंग कंपनी घालते. रंगावरून ग्रीस ओळखू नका.

आता भरण्याची रीत ऐका.

1. ट्रॉली रिकामी करा. जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्या. दुसऱ्या चाकांना दगड लावा.

2. जुने ग्रीस सगळे काढा. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण वाळवा. जुन्यावर नवे थापू नका; दोन जातींचे ग्रीस मिसळले तर पातळ होऊन वाहू शकते.

3. रोलरवर डाग, खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर बेअरिंग बदला. ऑइल सील नवे बसवा. सील फाटके असेल तर चांगले ग्रीसही वाया जाते.

4. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रोलरमध्ये दाबून भरा. हबची पोकळी मात्र तिसरा हिस्सा ते निम्मीच भरा. गच्च भरले तर ग्रीस घुसळून तापते आणि सील बाहेर ढकलते.

5. चाक फिरवीत नट आवळा. चाक जड झाले की नट थोडा, साधारण पाव फेरा, सैल करा. नवी स्प्लिट पिन घाला.

आठ-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून हबला हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर तसेच पुढे जाऊ नका.

हे काम हंगामाआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावे. चाक पाण्यात बुडाले असेल तर लगेच करावे. मात्र ज्या हबच्या आत गिअर असतात, जसे काही मोठ्या यंत्रांत, तिथे ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागते. त्यासाठी यंत्रासोबतचे पुस्तक पाहा.

बंधूंनो, एका डब्याला थोडे पैसे जास्त लागतील. पण रस्त्याने आपल्या मागून लेकराबाळांची माणसे येत असतात, हे ध्यानात ठेवा.

नमस्कार.