विरजण ठेवा!
(आकाशवाणीवरील भाषण)

"आई, तू बाराव्या मजल्यावर पाइपच्या गॅसवर चहा करतेस, रेडिओवर सरपणाचं काय सांगणार?" असं माझ्या लेकीनं आज सकाळीच विचारलं.

सांगते. सगळी नोकरी मी सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात काढली. त्यात जंगल कामगारांच्या संस्थाही होत्या. चुलीच्या धुरानं नसतील तेवढे त्या वह्यांनी माझे डोळे चुरचुरले आहेत. आता नेरूळला घरी बसले, तरी पनवेल, कर्जत, खालापूरकडची तरुण मुलं विचारायला येतात, "मॅडम, गावाच्या मालकीचा सरपणाचा धंदा काढायचाय. नोंदणी कशी करायची?" नोंदणीचं होईल हो! मी त्यांना आधी विचारते, "तुमच्या घरी दही कोण लावतं?"

हसू नका. दही कितीही गोड लागलेलं असो, शेवटचा चमचा कुणी खात नाही. ते उद्याचं विरजण. पाहुण्यानं मागितलं तरी आई "संपलं" म्हणते आणि वाटी फडताळात सरकवते. तिची ती थाप हाच सरपणाच्या धंद्याचा पहिला नियम.

झाडाचंच बघा. साग किंवा ऐन जमिनीलगत, साल न फाडता, नीट तोडला की पावसाळ्यात बुंध्याला फुटवे येतात. उसाचा खोडवा तुम्हाला माहीत आहे, तसंच. म्हणून तर जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे वाटे, पाडायचे, यंदा हा तोडला की पुढच्या साली शेजारचा, आणि पहिल्याकडे परत यायला तीस-चाळीस वर्षं. बुंधा हे विरजण. तो खणून काढलात, नाहीतर कोवळ्या फुटव्यांत शेळ्या सोडल्यात, की दही संपलं.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. माझं दुसरं विरजण मात्र कुणी ऐकत नाही, आणि मी खास त्याच्यासाठी आले आहे. पैशाचं विरजण.

थोडं मागे जाते. ठाणे जिल्ह्यात लाकूडतोडीचे मक्ते व्यापाऱ्यांकडे आणि कुऱ्हाड वारली, कातकरी, ठाकरांच्या हातात, असा कारभार होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं ही पिळवणूक अहवालात मांडली. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले आणि गवतकापणीची, मग जंगलकामाची मजुरी मागू लागले. १९४७ मध्ये मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारनं जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या करून त्यांना कूप द्यायला सुरुवात केली. इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, कोळसा, सगळं संस्थेनं काढायचं. तुम्ही जिला नवी कल्पना म्हणता, तिची पंचाहत्तरी कधीच उलटली!

त्या संस्थांनी मक्तेदाराला बाजूला सारलं, हे मोठंच काम. पण एक दप्तर अजून आठवतं. नाव घेत नाही. सभासद बहुतेक अंगठेवाले, वही लिहिणारा बाहेरचा. नफा आला की वाटला, राखीव निधी कागदापुरता. १९८० नंतर तोडीवरची बंधनं वाढत गेली, कूप मिळेनासे झाले, आणि दोन वर्षांत संस्थेच्या कचेरीला कुलूप. वाडगं चाटूनपुसून ठेवलेलं!

आज कायदा तुमच्या बाजूनं बराच सरकला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर काटक्याकुटक्या आहेत, खोडकीही आहेत. म्हणून लगेच कुदळ उचलू नका, विरजण आठवा! सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला हा माल विकता येतो. इमारती लाकूड त्यात नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूचं होतं ते, पण धडा सरपणालाही लागू. माल बाहेर नेण्याचा कागद ज्याच्या सहीचा, धंदा त्याचा. बाकीच्यांची हमाली.

आता गिऱ्हाईक. ओलं लाकूड विकू नका. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही. कोळशाचा मोह आवरा. मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा निघतो, तेव्हा दर आधी बघा. आणि एकाच दारावर अवलंबून राहू नका. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ज्यानं सगळी वखार बेकरीच्या भरवशावर रचली असेल, त्यानं काय करावं? पुन्हा तेच! दोन हंगाम तगता येईल एवढी वाटी फडताळात हवी.

बॉयलरवाले पांढरा कोळसा घेतात, म्हणजे भुशाच्या कांड्या. त्याचं यंत्र गावाला परवडेल का, हा... काचेपलीकडून दोन बोटं दिसताहेत, दोनच मिनिटं उरली. राहू दे.

मुलांनो, पहिल्या सभेत संस्थेचं नाव ठरवायच्या आधी दोन ठराव लिहा. यंदा कुठल्या कुपाला हात लावायचा नाही, हा एक. नफ्यातले किती पैसे वाटायचे नाहीत, हा दुसरा. सहकार कायदा रुपयातले चार आणे राखीव टाका म्हणतो. तुम्ही सहा टाका. कुणाचं लग्न निघालं, कुणाची गाडी अडली, तरी आईसारखं सरळ "संपलं" म्हणा. आणि वही तुमच्याच वाडीतल्या बारावी झालेल्या मुलीकडे द्या, ती दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू दे. तोलकाटा कुणाच्या अंगणात ठेवायचा, यावर तर मी अर्धा तास... लाल दिवा लागला वाटतं. विरजण ठेवा.