हेड्रियनच्या भिंतीवर एक दिवस



मुलाकडे, लेकीकडे म्हणून इंग्लंडला जाणारी आपली कितीतरी माणसं लंडन पाहून परततात. त्यांना माझं सांगणं आहे, एक दिवस उत्तरेसाठी काढा. न्यूकॅसलहून कार्लाईलच्या गाडीत बसायचं आणि हेक्समला उतरायचं. उन्हाळ्यात तिथून बस मिळते. तिचा नंबर आहे एडी १२२, कारण इ.स. १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि साम्राज्याच्या हद्दीवर त्यानं भिंत घालायला लावली. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, सुमारे ११७ किलोमीटर.

हाउसस्टेड्सच्या किल्ल्यापाशी ही भिंत कड्याच्या अगदी धारेवरून जाते. तिचे दगड पुढं लोकांनी घरांना, चर्चना, रस्त्याला नेले. उरली ती कुठे कंबरेइतकी, कुठे थोडी जास्त. किल्ल्यातलं धान्याचं कोठार नीट पाहा. जमीन बुटक्या दगडी खांबांवर उचलून घेतली आहे, खालून वारा खेळावा, धान्याला ओल लागू नये म्हणून. सर्वांत सखल कोपऱ्यात शिपायांचं शौचालय आहे, पाण्याच्या खोल पाटासकट. आणि हे शिपाई रोमचे नव्हतेच. इथली पलटण आजच्या बेल्जियमकडची.

पण वेळ थोडा असेल, तर भिंतीवरचा वेळ कमी करा आणि जवळच्या व्हिंडोलांडाला जा. ही छावणी भिंतीच्याही आधीची. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथल्या ओल्या, हवाबंद मातीत पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या, शाईनं लिहिलेल्या. एकीत कुणाला तरी मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. दुसरीत क्लॉडिया सेव्हेरा नावाची अधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला, लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिनं स्वतः लिहिल्यात, थोड्या वेड्यावाकड्या अक्षरात. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन फारच क्वचित सापडतं. सम्राटाच्या हुकमापेक्षा या ओळींनी ती सरहद्द मला अधिक कळली.

बहुतेक पट्ट्या लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही व्हिंडोलांडाच्या संग्रहालयात. तिथं दर उन्हाळ्यात खोदकाम चालतं आणि खोदणाऱ्यांत साधे स्वयंसेवकही असतात. गेलात तर जरा थांबा, त्यांच्याशी बोला. आणि रेनकोट विसरू नका.