"आणि उद्या?" एवढ्यावरून मोबाईलला कसं कळतं?

आजचा विषय तुमच्या खिशातलाच आहे, व्हॉइस असिस्टंट.

तुम्ही विचारता, "नाशिकला आज पाऊस आहे का?" उत्तर येतं. मग तुम्ही नुसतं म्हणता, "आणि उद्या?" यात ना गावाचं नाव, ना पावसाचं. तरी बरोबर उत्तर मिळतं. कसं काय?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आतली गंमत सांगतो. आधी तुमच्या आवाजाचा मजकूर होतो. मग त्यातून दोन गोष्टी शोधल्या जातात: तुम्हाला काय हवंय आणि त्याचा तपशील काय. समजा, एक फॉर्म आहे. काम: हवामान. गाव: नाशिक. दिवस: आज. "आणि उद्या?" म्हटलं की नवा फॉर्म येत नाही. जुन्यातला फक्त दिवसाचा रकाना बदलतो.

ही कल्पना जुनी आहे बरं का. १९७७ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधकांनी 'गस' नावाच्या प्रोग्रॅमबद्दल लिहिलं. तो टाइप केलेल्या संभाषणातून विमानप्रवासाचे असेच रकाने भरायचा.

आजची मोठी भाषा मॉडेल्स वेगळ्या पद्धतीने चालतात. साधारणपणे दर वेळी आधीचं संभाषण नव्या प्रश्नासोबत मॉडेलला पुन्हा वाचायला दिलं जातं. पण एका वेळी किती वाचायचं याला मर्यादा असते. म्हणून गप्पा फार लांबल्या की सुरुवातीचं सुटू शकतं.

आता आपली मराठी बघा. "पंखा आणि ट्यूब लाव" म्हणालात आणि नंतर "ती बंद कर." ती म्हणजे ट्यूब, कारण पंखा 'तो' असतो. इंग्रजीत दोघांनाही 'इट'. म्हणजे एखादी सिस्टीम मराठीचं आधी इंग्रजी करून मग समजून घेत असेल, तर हा धागा तिथेच तुटतो! तसंच "पुण्याहून" आणि "पुण्याला". निघायचं कुठून आणि जायचं कुठे, हे त्या शेवटच्या अक्षरांत असतं. तीच नीट ऐकली गेली नाहीत, तर तिकीट उलटं निघेल.

हे महत्त्वाचं का? आपल्याला टाइप करता येतं, आपलं भागतं. पण ज्या आजीला अक्षरं दिसत नाहीत, तिच्यासाठी बोलणं हाच रस्ता आहे. तिला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, तर दोन दिवसांत ती फोन बाजूला ठेवेल. तिने फोनसारखं बोलायला शिकायचं, की फोनने तिच्यासारखं ऐकायला? माझं उत्तर दुसरं आहे.

तोवर एक करा. असिस्टंट तुमचं बोलणं परत म्हणून दाखवतो ना, ते लक्ष देऊन ऐका. "सातला" म्हणालात आणि त्याने "साताऱ्याला" ऐकलं, तर तिथेच दुरुस्त करा. नाहीतर तीच चूक पुढच्या प्रत्येक उत्तरात येत राहील. घरातल्या मोठ्यांनाही हे दाखवा.

चला, भेटू पुढच्या भागात!